छायाचित्र नसलेल्या घोड्याचे चित्र

२०२५ च्या फेब्रुवारीत बेळगावातील एका लहान कलादालनात माझ्या घोड्यांच्या अठरा चित्रांचे प्रदर्शन तीन दिवस भरले. त्याआधीची पावणेतीन वर्षे मी घोडा काढायला शिकत होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी, शाळेतल्या चित्रकलेपलीकडे काहीच येत नसताना हे काम हाती घेतले, तेव्हा कुठून सुरुवात करावी, कोणाला विचारावे, खर्च किती येईल, अर्ज कुठे करावा, यातले मला काही ठाऊक नव्हते. माझ्यासारखे कोणी या वाटेला लागणार असेल तर त्याला निदान पुढचे वळण दिसावे, म्हणून घडले तसे क्रमाने लिहिते आहे.

माझे आजोबा शहापुरात राहत आणि बेळगाव स्टेशनवर टांगा चालवीत. घोड्याचे नाव राजा. अंगाने तांबूस, आयाळ आणि शेपूट काळी, आणि मागच्या डाव्या पायाला खुरापासून वीतभर पांढरा मोजा. पहाटेच्या गाडीचे प्रवासी घेऊन आजोबा परत येत, तेव्हा मी अंगणात बसून तोबऱ्यात भिजवलेले हरभरे भरत असे. शहरात रिक्षा वाढल्या, स्टेशनवरचे भाडे घटले आणि १९७४ साली, मी दहा वर्षांची असताना, राजा विकला गेला. तो कोणी नेला हे आजोबांनी घरात कधीच सांगितले नाही. आमच्याकडे त्याचे एकही छायाचित्र नाही. आजोबांचा परवान्याचा पितळी बिल्ला आणि चामड्याचे एक झापड एवढेच आईच्या ट्रंकेत उरले होते. ३१ मे २०२२ रोजी मी पतसंस्थेतील नोकरीतून निवृत्त झाले आणि त्याच आठवड्यात ती ट्रंक उघडली. राजाचे चित्र काढायचे, एवढेच तेव्हा ठरवले होते. प्रदर्शनाचा विचार फार पुढे आला.

जूनमध्ये काढलेली पहिली वीस-पंचवीस रेखाटने मी जपून ठेवली आहेत. त्यांतला प्रत्येक घोडा आमच्या देवघरातल्या टाकासारखा दिसतो. आमचे कुलदैवत मंगसुळीचा खंडोबा. त्या चांदीच्या टाकावर देव घोड्यावर बसलेला आहे, आणि लहानपणी मी आयुष्यातला पहिला घोडा त्याच टाकावरून पाटीवर उतरवला होता. माझ्या हाताला घोडा म्हणून तेवढाच आकार माहीत होता: कमानदार मान, उचललेला एक पाय आणि पिंपासारखे पोट. अशा आकारातून राजा निघणार नव्हता.

जुलैमध्ये मी एका निवृत्त चित्रकला शिक्षकांकडे आठवड्यातून दोन दिवस जाऊ लागले. बेळगावला या बाबतीत मोठी पुण्याई आहे. के. बी. कुलकर्णी यांच्या हाताखाली इथे चित्रकारांची पिढी तयार झाली, रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी, आणि त्या परंपरेतला काटेकोरपणा आमच्या सरांमध्येही उतरला होता. महिन्याला आठशे रुपये फी ठरली. पहिले दोन महिने त्यांनी मला रंगाला हात लावू दिला नाही. फक्त कोळशाच्या कांडीने हाडे काढायला लावली.

त्या दोन महिन्यांत मला जे कळले ते घोडा काढू पाहणाऱ्या प्रत्येकाने सर्वांत आधी समजून घ्यावे. घोड्याच्या पुढच्या पायाचा जो सांधा आपण गुडघा समजतो, तो खरे तर माणसाच्या मनगटाच्या जागी असतो. मागच्या पायाचा जो सांधा उलटा वाकलेला दिसतो, ती त्याची टाच असते. आणि त्याचा खरा गुडघा पोटाच्या कडेला, जवळजवळ कातडीत लपलेला असतो. सारे अंग प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर, म्हणजे खुरावर, तोललेले असते. हे मनात पक्के झाल्यावर मागचे पाय चुकण्याचे माझे प्रमाण एकदम कमी झाले. सरांनी मला जॉर्ज स्टब्ज या इंग्रज चित्रकाराची रेखाटने दाखवली. या माणसाने हॉर्कस्टो नावाच्या खेड्यात जवळपास दीड वर्ष राहून मेलेल्या घोड्यांचे थर एकेक करून सोलले, स्नायू आणि हाडे रेखाटली आणि १७६६ साली ते सारे पुस्तकरूपाने छापले. त्या पानांवरून मी कित्येक दिवस नक्कल करीत होते.

धावत्या घोड्याच्या बाबतीत तर मोठमोठे चित्रकारही फसले आहेत. जेरिको या फ्रेंच चित्रकाराने १८२१ मध्ये काढलेल्या एप्समच्या शर्यतीच्या चित्रात घोड्यांचे चारही पाय एकाच वेळी पुढे-मागे ताणलेले आणि जमिनीपासून सुटलेले आहेत. पुढे १८७८ साली मायब्रिज या छायाचित्रकाराने कॅलिफोर्नियात ओळीने कॅमेरे मांडून धावत्या घोड्याची छायाचित्रे घेतली, तेव्हा दिसले की भरधाव घोडा पूर्ण अधांतरी असतो तो क्षण पाय पोटाखाली गोळा झालेले असतानाचा असतो. हे वाचून मी माझी धावत्या घोड्यांची सगळी रेखाटने बाजूला ठेवली. राजा मी भरधाव धावताना कधी पाहिलाच नव्हता. टांग्याचा घोडा दुडक्या चालीने जातो, आणि त्या चालीत समोरचा एक पाय आणि त्याच्या तिरप्या बाजूचा मागचा पाय जोडीने उचलले जातात.

दिवाळीनंतर सरांनी सांगितले की आता पुस्तक पुरे, जनावरासमोर बसा. बेळगावात आज घोडा पाहायचा तर लग्नाच्या वरातीला घोडे पुरवणाऱ्यांकडे जावे लागते. अशा एका मालकाच्या तबेल्यात मी नोव्हेंबर २०२२ पासून जाऊ लागले. पहिल्या भेटीत त्यांनी कन्नडमध्ये दोन-चार प्रश्न विचारले, मी जमेल तशी उत्तरे दिली, आणि आजोबांचा बिल्ला दाखवल्यावर त्यांनी स्वतःच बसायला बादली उपडी घालून दिली. मी दर खेपेला घासाची एक पेंढी नेत असे. पैसे त्यांनी घेतले नाहीत. लग्नसराईत जाऊ नये, कारण घोडे रात्रभर जागलेले असतात आणि माणसेही. सकाळी खरारा होऊन गेल्यावर, अकराच्या सुमारास, घोडा शांत उभा असतो. ती वेळ उत्तम. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला सभोवार दिसते, पण कपाळाच्या अगदी समोरचे आणि शेपटीच्या थेट मागचे दिसत नाही. म्हणून नेहमी खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जवळ जावे. रेखाटन दोन मिनिटांत संपवण्याची सवय करावी. घोडा उभा असला तरी स्थिर नसतो. मान, कान, कातडी यांपैकी काहीतरी हलतच असते.

कानांकडे मी त्याच तबेल्यात पहिल्यांदा नीट पाहिले. मालक मागच्या खोलीत बोलू लागले की घोड्याचा एकच कान त्या दिशेला वळे. डोके जागचे हलत नसे. हे पाहताना माझ्या मनात काहीतरी हलले, पण ते काय हे कळायला पुढची जवळपास दोन वर्षे गेली.

त्या हिवाळ्यात येळ्ळूरच्या बाजूला धनगरांचे कळप उतरले होते. शेतात मेंढ्या बसवायला येतात तेव्हा त्यांच्यासोबत बिऱ्हाड वाहणारी लहान चणीची तट्टे असतात. वरातीच्या घोड्याचे अंग घासून चकचकीत केलेले असते. या तट्टांच्या अंगावर धूळ, पाठीवर ओझ्याचे घट्टे आणि पोटाला उन्हाळ्या-पावसाळ्याचा इतिहास असतो. माझ्या प्रदर्शनातील सर्वांत चांगली कोळशाची चार रेखाटने या तट्टांची आहेत, असे मला वाटते.

२०२३ च्या ज्येष्ठात मी चिकोडी तालुक्यातील अंकलीला गेले. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याचे अश्व दरवर्षी आपल्या याच जिल्ह्यातून, अंकलीच्या शितोळे सरकारांच्या वाड्यातून, पायी आळंदीला जातात. बेळगावातल्या अनेकांना हे माहीत नसते याचे मला नेहमी वाईट वाटते. दोन अश्वांपैकी एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो. दुसरा माउलींचा. त्याच्यावर खोगीर असते, साज असतो, पण बसत कोणी नाही. माउली बसल्या आहेत अशी भावना असते. रिंगणात तो धावून गेला की वारकरी त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. अंकलीत त्या मोकळ्या खोगिराकडे पाहत मी बराच वेळ गर्दीत उभी होते आणि वहीत एक रेघही ओढली नाही. परत येताना बसमध्ये चित्रकार एम. एफ. हुसेन आठवले. ज्या पंढरपूरला हा अश्व पोहोचतो तिथेच १९१५ साली त्यांचा जन्म झाला. पण त्यांच्या घोड्यांच्या मुळाशी इंदूरला बालपणी पाहिलेली मोहरमची मिरवणूक आणि तिच्यातला दुलदुल आहे, असे सांगितले जाते. तोही स्वाराविना चालणारा घोडा.

यानंतर मी राजाचे मोठे चित्र करायला घेतले. तीन फूट बाय चार फूट कॅनव्हास, तैलरंग. २०२३ च्या पावसाळ्यात पहिला प्रयत्न केला आणि तो दोन कारणांनी वाया गेला. पहिले कारण हवेचे. आपल्याकडच्या पावसात तैलरंग लवकर वाळत नाही, आणि मी घाईने ओल्या थरावर थर दिल्यामुळे मानेचा रंग गढूळ झाला. जून ते सप्टेंबर या काळात मोठे तैलचित्र सुरू करू नये. करायचेच असेल तर पहिला थर टर्पेंटाइनने पातळ ठेवावा, तेल वरच्या थरांसाठी राखावे, आणि कॅनव्हास भिंतीला टेकवून न ठेवता मागून हवा लागेल असा ठेवावा, नाहीतर बुरशी धरते. दुसरे कारण जास्त गंभीर होते. चित्रातला घोडा बरोबर होता, हाडे बरोबर होती, डाव्या पायाचा पांढरा मोजाही होता, पण तो राजा नव्हता. वरातीचा घोडा राजाचे कपडे घालून उभा असल्यासारखा दिसत होता. जानेवारी २०२४ मध्ये दुसरा प्रयत्न केला. त्यात आजोबाही काढले. तेव्हा तर घोडा आणखीच परका झाला, कारण सगळे लक्ष आजोबांच्या चेहऱ्याकडे गेले आणि तो चेहराही मला पूर्ण आठवत नव्हता.

याच सुमारास एका परिचितांनी दिवाणखान्यासाठी धावत्या सात पांढऱ्या घोड्यांचे चित्र मागितले. वास्तुशास्त्राच्या नावाने या चित्राला केवढी मागणी आहे हे घोडे काढणाऱ्या प्रत्येकाला लवकरच कळते. चौकटी बनवणाऱ्यांनीही मला स्पष्ट सांगितले होते की हेच काढा, बाकीचे विकणार नाही. मी पंधरा दिवस विचार केला आणि होकार दिला. १८,००० रुपये ठरले, अर्धे आगाऊ. मायब्रिजची छायाचित्रे पुढ्यात ठेवून सातही घोड्यांचे पाय खरे काढले, पांढरा रंग नुसता पांढरा न ठेवता त्यात निळसर आणि पिवळसर छटा दिल्या, आणि ते चित्र मनापासून केले. ज्या घरात ते लागले आहे तिथे रोज सकाळी कोणीतरी त्याच्याकडे श्रद्धेने पाहते. असे काम आले तर कमी लेखून नाकारू नये, एवढे मी अनुभवाने म्हणेन. माझ्या चौकटींचा बराचसा खर्च त्यातून निघाला.

प्रदर्शनाची कल्पना सरांची. ऑगस्ट २०२४ मध्ये मी एका कलादालनाकडे अर्ज केला. अर्जासोबत आधार कार्डाची प्रत, दोन छायाचित्रे, प्रत्येक चित्राचे नाव, माप, माध्यम आणि छोटी प्रत असलेली यादी, शिवाय चित्रांमध्ये आक्षेपार्ह काही नाही असे हमीपत्र द्यावे लागले. अर्जाचा नमुना कन्नडमध्ये होता. मला कन्नड बोलता येते, पण लिहिण्याचा आत्मविश्वास नाही. शेजारच्या मुलीने, जी कन्नड माध्यमात शिकते, एका संध्याकाळी सगळा अर्ज भरून दिला आणि प्रत्येक रकान्याचा अर्थ मला मराठीत लिहून दिला. तो कागद मी फाइलीत ठेवला, पुढे दोनदा उपयोगी पडला. भाडे दिवसाला दोन हजार आणि परत मिळणारी अनामत पाच हजार, दोन्हींचे धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट) वेगवेगळे.

नोव्हेंबरच्या तारखा मिळाल्याचे सप्टेंबरमध्ये तोंडी कळले आणि मी निश्चिंत झाले. ऑक्टोबरच्या शेवटी चौकशीला गेले तेव्हा त्याच तारखा दुसऱ्या कार्यक्रमाला दिल्या गेल्याचे समजले. माझ्याकडे लेखी काहीच नव्हते. त्या दिवशी मी खरोखर खचून घरी आले. म्हणून सांगते: अर्जाच्या आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नये, आणि तारखांची मंजुरी कागदावर मिळेपर्यंत निमंत्रणे छापू नयेत. दुसरा अर्ज मी शिक्क्यासह दिला, दर सोमवारी फोन केला आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात १४ ते १६ फेब्रुवारी या तारखांचे पत्र हातात आले.

तारखा हुकल्याचे दुःख खरे, पण त्या मधल्या काळातच राजाचे चित्र झाले. नोव्हेंबरच्या एका दुपारी मी ट्रंकेतले झापड हातात घेऊन बसले होते आणि अंगणातली एक वेळ आठवली. आजोबा जेवायला आत गेलेले, टांगा सोडून ठेवलेला, राजाच्या अंगावर साज तसाच, मागचा डावा पाय सैल सोडून तो तीन पायांवर विसावलेला. आत आजोबा आजीशी बोलत आहेत आणि त्या आवाजाकडे त्याचा एक कान वळलेला. तबेल्यात मला जे दिसले होते ते हेच होते. मी आजोबांना चित्रातून काढून टाकले आणि कान त्यांच्याकडे वळवला. पाय सैल सोडला की त्या बाजूचे ढुंगण खाली येते आणि पाठीची रेघ किंचित कलते. ते दोन वर्षांच्या हाडांच्या अभ्यासामुळे हाताने आपोआप केले. बावीस दिवसांत चित्र पूर्ण झाले. कानाच्या टोकाला शेवटचा रंग लावला तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ रडले.

जानेवारीत चौकटी केल्या. कोळशाच्या रेखाटनांना काच आणि आत मऊ पुठ्ठ्याची किनार लागतेच, नाहीतर कोळसा काचेला चिकटतो. तैलचित्रांना काच लावू नये. नवीन तैलचित्राला वॉर्निशही लगेच लावू नये, निदान सहा महिने थांबावे. अठरा चौकटींचे २४,६०० रुपये झाले. निमंत्रणे आणि कापडी फलक यांचे २,९००. फलकावर कन्नड आणि मराठी दोन्ही ठेवले. मालवाहू रिक्षाचे जाण्यायेण्याचे १,६००, दिवे आणि चहापाणी २,३००. भाड्याचे सहा हजार धरून ३७,४०० रुपये झाले. सात घोड्यांचे अठरा हजार आणि प्रदर्शनात विकलेल्या दोन रेखाटनांचे सात हजार वजा करता १२,४०० रुपये माझ्या खिशातून गेले. रंग, कागद, कॅनव्हास यांचा पावणेतीन वर्षांचा खर्च साधारण ३१,००० रुपये, तो वेगळा. भिंतीला खिळे ठोकू देत नाहीत, वरच्या सळईला तार अडकवावी लागते. ती तार आपण घेऊन जावी, आणि चित्रे आदल्या संध्याकाळी लावायची मुभा आधीच मागून घ्यावी.

पहिल्या दिवशी ओळखीची माणसे आली. दुसऱ्या दिवशी तबेल्याचे मालक मुलांना घेऊन आले आणि स्वतःच्या घोड्यांची नावे त्यांनी मोठ्याने वाचून दाखवली. तिसऱ्या दिवशी दुपारी, दालन जवळजवळ रिकामे असताना, धोतर-टोपीतले एक वृद्ध गृहस्थ नातवाचा हात धरून आले. इतर चित्रांवरून नजर फिरवून ते राजासमोर थांबले आणि दहा मिनिटे तरी हलले नाहीत. मग मला जवळ बोलावले.

"बाई, टांग्याचा घोडा आहे न्हवं?"

"होय मामा. माझ्या आजोबांचा."

"म्या बी तीस वर्सं चालवला. घोडा झ्याक आहे. खरं छातीवरचा पट्टा लई वर चढलाय बघा. असा बांधला तर ओढताना नरड्यावर येतो, दम कोंडतो जनावराचा. तुमचा आजा असा बांधणार न्हाई."

मी जवळ जाऊन पाहिले. त्यांचे म्हणणे खरे होते. हाडे, स्नायू, कान यांवर मी इतकी वर्षे घालवली होती आणि साज मात्र आठवणीवर सोडून दिला होता. त्यांनी थरथरत्या बोटाने, कॅनव्हासला स्पर्श न करता, पट्ट्याची जागा दाखवली: मान संपून छाती सुरू होते त्याच्या खाली आणि खांद्याच्या सांध्याच्या वर. मी यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ती खूण करून घेतली आणि त्यांना दाखवली. त्यांनी पेन्सिल माझ्या हातातून घेतली, माझी रेघ बोटभर खाली सरकवली आणि कागद परत दिला.

चित्र घरी आल्यावर त्याच आठवड्यात मी तो पट्टा पुसून पुन्हा काढला. खालचा रंग अजून पुरता वाळलेला नव्हता, त्यामुळे चिंधीने तो सहज निघाला आणि मधल्या जागेत छातीचा तांबूस रंग नव्याने भरावा लागला. आता पट्टा त्या पेन्सिलच्या रेघेवर आहे.